एशियन डब फाउंडेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तबला, ढोल, सतारीसारखी झणझणणारी गिटार आणि पोटात घुमणारा बेस एकत्र आणणारं या बँडचं संगीत ऐकवलं की ऐकणारे आधी मान डोलावतात, मग प्रश्न विचारतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींना दोन ओळींचं उत्तर पुरतं. काहींना पुरत नाही.

हा बँड भारतातला की इंग्लंडमधला?

लंडनचा. १९९३ साली सुरू झाला. माणसं ब्रिटिश आशियाई आणि संगीतही लंडनचंच. ‘परदेशात राहून मायदेशाच्या आठवणी काढणारे’ या खणात त्यांना बसवू नका. त्यांच्या गाण्यांत गावाकडची ओढ औषधालाही सापडत नाही. भांडण आहे ते राहत्या शहराशी.

सुरुवात कशी झाली?

एका शिकवणीतून. लंडनच्या फॅरिंग्डन भागात ‘कम्युनिटी म्युझिक’ नावाची संस्था होती. जॉन स्टीव्हन्स या जॅझ ड्रमरने ती उभी केली होती आणि वाद्य शिकायला ज्यांच्या खिशात पैसे नाहीत त्यांनाही दार उघडं ठेवलं होतं. तिथे आशियाई मुलांसाठी उन्हाळी कार्यशाळा होत. सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र), सिक्वेन्सर (ते तुकडे ओळीने मांडणारं यंत्र), मिक्सिंग असं सगळं हाताळायला मिळे. शिकवायला अनिरुद्ध दास, मदतीला जॉन पंडित हा डीजे आणि विद्यार्थ्यांत पंधरा वर्षांचा बंगाली रॅपर दीदार झमान. या कार्यशाळांवर एक माहितीपट झाला आणि त्याच सुमारास या तिघांनी मिळून एक साउंड सिस्टिम, म्हणजे मोठे स्पीकर लावून रेकॉर्ड आणि रॅप ऐकवणारा गट, काढली. दास झाले डॉक्टर दास, पंडित झाले पंडित जी, दीदार झाला मास्टर डी. पुढच्या वर्षी गिटारवर स्टीव्ह चंद्रा सावले म्हणजे चंद्रासॉनिक आला. मग सन-जे आणि नर्तक बबल-ई आले आणि जुळणी पूर्ण झाली.

सुरुवातीचे कार्यक्रम बहुतेक वंशद्वेषविरोधी सभांमधले. ते वर्षच तसं होतं. एप्रिल १९९३ मध्ये स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाला बसस्टॉपवर भोसकून मारलं गेलं. सप्टेंबरमध्ये पूर्व लंडनच्या मिलवॉल प्रभागातून ब्रिटिश नॅशनल पार्टी या स्थलांतरितविरोधी, कडव्या उजव्या पक्षाचा उमेदवार नगरसेवक म्हणून निवडून आला. बांगलादेशी कुटुंबांची दाट वस्ती असलेल्या टॉवर हॅम्लेट्समध्येच हा प्रभाग येतो. संध्याकाळी एकट्याने घरी जाणं ज्या पोरांना धोक्याचं वाटत होतं, ती पोरं या कार्यशाळांत येत होती. पुढच्या गाण्यांतला राग कुठून आला, हे वेगळं सांगायला नको.

शिकवण्याचं काम त्यांनी प्रसिद्धी मिळाल्यावरही सोडलं नाही. १९९८ मध्ये संगीत-तंत्रज्ञान शिकवणारी वेगळी शाखाच काढली. मास्तर आणि विद्यार्थी एकाच रंगमंचावर उभे असल्याने या बँडमध्ये ‘मुख्य गायक आणि मागचे वादक’ अशी उतरंड कधी नव्हती.

डब म्हणजे नेमकं काय?

साठीच्या दशकाच्या अखेरीस जमैकात घडलेली गोष्ट. किंग्स्टनमध्ये रस्त्यावर मोठाले स्पीकर रचून नाचाचे कार्यक्रम होत. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याची गायकाविना आवृत्ती छापायचा प्रघात पडला, म्हणजे वर कुणी माइक घेऊन बोलू शकेल. किंग टबी हा मुळात रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा, विजेच्या कामातला माणूस. त्याने या आवृत्त्यांशी खेळ सुरू केला. सगळी वाद्यं बंद, फक्त ड्रम आणि बेस चालू. मध्येच गायकाचा अर्धा शब्द सोडायचा आणि तो इकोमध्ये विरत जाऊ द्यायचा. गिटारचा एकच फटकारा उठवायचा, पुन्हा शांतता. ली पेरी या जमैकन निर्मात्याने आपल्या स्टुडिओत हेच आणखी वेडंवाकडं केलं.

यात वाजवणारा हात मिक्सिंग डेस्कवर असतो, हा खरा बदल. तोवर मिक्सिंग म्हणजे झालेल्या रेकॉर्डिंगची झाडझूड होती. टबीने त्याचं वादन केलं. गाणं तेच, पण दर वेळी निराळं उमलणारं. ख्याल ऐकणाऱ्याला हे पटकन समजतं: बंदिश दोन ओळींची, बाकी सगळा विस्तार. फरक इतकाच की इथे विस्तार भर घालून होत नाही, काढून घेऊन होतो.

जमैकन लोकांबरोबर साउंड सिस्टिम ब्रिटनमध्ये आली. शेजारपाजारच्या आशियाई पोरांनी ती लहानपणापासून ऐकली. म्हणून लंडनच्या बंगाली मुलाला डब परका वाटत नाही. त्याच्या घरात कव्वाली आणि हिंदी गाणी, भिंतीपलीकडे बेस.

आणि यांच्या संगीतातलं ‘जंगल’ म्हणजे काय?

नव्वदीच्या सुरुवातीला लंडनमध्ये तयार झालेलं नाचाचं संगीत. ड्रमचे तुकडे कापून, उलटेपालटे जोडून, मिनिटाला साधारण १६० ते १७० ठोक्यांच्या वेगाने पळवायचे आणि खाली डबचा संथ बेस ठेवायचा. यातला सर्वांत जास्त वापरला गेलेला तुकडा द विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या १९६९ च्या रेकॉर्डवरचा आहे. जेमतेम सहा-सात सेकंदांचा. तो ज्याने वाजवला त्या जी. सी. कोलमनला त्याबद्दल काहीही मिळालं नाही. त्याच्या मृत्यूनंतर, २०१५ मध्ये, चाहत्यांनी वर्गणी काढून बँडच्या प्रमुखाला २४,००० पौंड दिले. ज्या सहा सेकंदांवर एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला, त्यांच्या मानाने ही रक्कम फारच किरकोळ.

भारतीय वाद्यं आहेत कुठे? मला तर सतार ऐकूच येत नाही.

येणार नाही, कारण बहुतेक वेळा ती सतार नसतेच. चंद्रासॉनिक आपल्या इलेक्ट्रिक गिटारच्या सगळ्या तारा एकाच स्वराला लावतो, डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा परिणाम) चढवतो आणि कधी कधी तारांवर चक्क सुरी फिरवतो. मग एका तारेवर चाल आणि बाकीच्या तारांचा झंकार, असं काहीतरी तयार होतं. चिकारीच्या आणि तरफांच्या तारांची सवय असलेला कान लगेच टवकारतो. सतारीचा आवाज विकत आणून गाण्यावर शिंपडणं सोपं होतं. याने गिटारलाच सतारीच्या वळणावर नेलं. माझ्या मते बँडची सगळ्यात मोठी कमाई हीच.

तबला आणि ढोल दोन रूपांत येतात. आधीच्या अल्बममध्ये बहुतेक सॅम्पलरमधून, तुकडे करून, जंगलच्या ड्रममध्ये विणलेले. २००० नंतर प्रीतपाल राजपूत तबला आणि ढोल घेऊन बँडमध्ये आला आणि मंचावर कातड्याचा खरा आवाज वाढला. अलीकडच्या अल्बममध्ये बासरी ऐकू येते, पण ती बांबूची नाही. नेथन ली धातूची पाश्चात्त्य बासरी वाजवता वाजवता तोंडानेच ड्रमचे ठोके काढतो. ऐकताना दोन माणसं आहेत असं वाटतं.

पण राग-ताल त्यात खरंच आहे की नुसता तडका?

रागविस्तार नाही. कुणी तसा दावा केला तर मनावर घेऊ नका. आवर्तन, तिहाई, समेवर येणं हेही शोधायला गेलात तर निराश व्हाल.

तरीही मिश्रण वरवरचं वाटत नाही, आणि त्याचं कारण हाडातच आहे. आपलं संगीत एका षड्जावर उभं असतं. तानपुरा तोच सूर धरून बसतो आणि त्यावर सगळं चालतं. पाश्चात्त्य पॉप गाण्यात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, सतत बदलतात, त्यामुळे त्यावर सतार किंवा सारंगी ठेवली की ती अवघडल्यासारखी बसते. डबमध्ये कॉर्ड एक किंवा दोन, त्याही बराच वेळ न हलणाऱ्या. बेस एकाच सुराभोवती घिरट्या घालतो. म्हणजे तानपुऱ्याला लागते तेवढी जागा तिथे आधीपासूनच मोकळी आहे.

दुसरं लयीचं. जंगलमध्ये ड्रम १६० ला पळतात आणि बेस त्याच्या निम्म्या, ८० च्या लयीत चालतो. दोन्ही एकाच वेळी. तबला शिकलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही: खाली ठाय, वर दुगुन. नाचणाऱ्याला मात्र निवड मिळते. वाटल्यास ड्रमबरोबर उड्या मारा, वाटल्यास बेसबरोबर डुला.

तिसरं डग्ग्याचं. मनगट दाबून डग्ग्याचा सूर वर सरकवतात तेव्हा निघणारा घुमारा आणि डबच्या बेसची घसरत जाणारी चाल एकाच पट्ट्यात राहतात. म्हणूनच तबल्याला इलेक्ट्रॉनिक संगीतात इतक्या सहज घर मिळालं. सरोदला तितकं मिळालं नाही.

त्यातला ढोल म्हणजे आपला गणपतीतला ढोल का?

नाही. तो पंजाबी ढोल. दोन्ही तोंडांवर काठ्या, जाड वाकडी काठी म्हणजे डग्गा (तबल्यातला डग्गा नव्हे) आणि बारीक लवचीक काठी म्हणजे तिल्ली. पुण्याच्या पथकांत एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप. आवाज वेगळा, चाल वेगळी, आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे पन्नास-शंभर ढोल एकदम वाजतात. पंजाबी ढोलवाला एकटाही लग्न गाजवतो.

मग हे भांगडा किंवा बॉलीवूड रिमिक्स झालं की!

नाही. ब्रिटनमधला भांगडा लग्नांत आणि दिवसाच्या डिस्कोत वाढला, भाषा पंजाबी, विषय बहुतेक आनंदाचे. रिमिक्सला जुन्या गाण्याची पुण्याई लागते. इथे रॅप इंग्रजीत आणि विषय तुरुंग, पोलीस, स्थलांतर.

गोवा ट्रान्सशी काही नातं?

हणजुण्याच्या किनाऱ्यावर जन्मलेलं ते संगीत वेगळंच. गोवा ट्रान्समध्ये सिंथेसायझरच्या सुरावटींना पूर्वेकडचा वास असतो, ठोका सरळ चारचा, अखंड. डबमध्ये थांबणं महत्त्वाचं, ट्रान्समध्ये न थांबणं. घडवणारेही वेगळे. गोव्यात बहुतेक पाश्चात्त्य पाहुणे होते, लंडनमध्ये घरचीच पोरं.

गाणी कशाबद्दल आहेत?

शब्द वेगाने येतात, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना निसटतात. नंतर वाचून पाहावेत.

‘रेबेल वॉरियर’ काझी नझरुल इस्लाम यांच्या १९२२ मध्ये छापलेल्या ‘बिद्रोही’ या कवितेवरून आलं. बंगाली घरांत ती कविता पाठ असते. तिच्यातला ‘मी विद्रोही’ हा घोष जंगलच्या ठेक्यावर आला तेव्हा आजोबा आणि नातू दोघांनाही आपापला धागा मिळाला. ‘ॲसॅसिन’ हे उधमसिंगवरचं गाणं. १९१९ मध्ये पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेल्या मायकेल ओड्वायरला त्याने १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये गोळ्या घातल्या. लंडनमध्ये राहून हे गाणं गाणं म्हणजे यजमानाच्या घरात बसून त्याच्याच इतिहासाचं पान उघडणं.

‘फ्री सतपाल राम’ची कथा तर गाण्याच्या बाहेरही चालू राहिली. १९८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका रेस्टॉरंटमध्ये गोऱ्या टोळक्याने सतपाल रामवर हल्ला केला. झटापटीत त्यांच्यातला एक मेला आणि सतपालला खुनासाठी जन्मठेप झाली. आपण जीव वाचवण्यासाठी हात उचलला, हे त्याचं म्हणणं शेवटपर्यंत कायम होतं. बँडने १९९८ मध्ये गाणं काढलं, त्यामुळे एरवी बातमीत न आलेला खटला संगीताच्या मासिकांत पोचला. २००२ मध्ये तो सुटला. गाण्यामुळे सुटला असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. वकील आणि कार्यकर्ते वर्षानुवर्षं झगडत होते. गाण्याने गर्दी जमवली.

‘थाउजंड मिरर्स’ २००३ च्या अल्बमवर आहे आणि शिनेड ओ’कॉनर या आयरिश गायिकेने गायलं आहे. छळ करणाऱ्या पुरुषाचा जीव घेतल्याबद्दल शिक्षा भोगणाऱ्या झूरा शाह या स्त्रीवरचं. बँडच्या सगळ्या गाण्यांत हे मला सर्वांत संयत वाटतं. ओरडणं नाही, म्हणून जास्त लागतं.

‘नक्सलाइट’ या गाण्याचं काय? हे उदात्तीकरण नाही का?

हा प्रश्न महाराष्ट्रात हमखास येतो, आणि यावाच. गाणं १९६७ च्या नक्षलबारीतल्या जमिनीच्या उठावाकडे पाहून लिहिलं आहे. लंडनच्या तरुणांनी ब्रिटिश शाळेत न शिकवलेला इतिहास शोधत शोधत तिथवर मजल मारली. गडचिरोलीच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या माणसाला, सुरुंगात गेलेले पोलीस आणि दोन्ही बाजूंनी भरडलेले आदिवासी माहीत असलेल्या माणसाला, ते कोवळं आणि लांबून पाहिलेलं वाटणारच. मलाही वाटतं. ठेका मात्र त्यांच्या उत्तम ठेक्यांपैकी एक आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि एक दुसरीला खोडत नाही.

‘रफीज रिव्हेंज’ मधला रफी म्हणजे मोहम्मद रफी?

नाव ऐकून आठवण त्याचीच होते, आणि तशी व्हावी अशीच योजना दिसते. आधी, १९९७ मध्ये, फ्रान्समध्ये ‘आर.ए.एफ.आय.’ नावाचा अल्बम निघाला. ही आद्याक्षरं ‘रियल एरियाज फॉर इन्व्हेस्टिगेशन’ची. त्यातलीच बरीच गाणी नव्याने घोटून १९९८ मध्ये ‘रफीज रिव्हेंज’ आला आणि त्या वर्षीच्या मर्क्युरी या ब्रिटिश अल्बम पुरस्काराच्या अंतिम यादीत गेला. पुरस्कार गोमेझ या बँडला मिळाला. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, तो तबलावादक तलविन सिंगच्या ‘ओके’ने घेतला.

इंग्लंडचा बँड, मग अल्बम आधी फ्रान्समध्ये का?

ब्रिटिश कंपन्यांना त्यांना कुठल्या कपाटात ठेवावं ते कळत नव्हतं. रॉकवाल्यांना ते नाचाचे वाटत, नाचवाल्यांना राजकीय. फ्रान्समध्ये उपनगरांतला स्थलांतरितांचा प्रश्न ताजा होता आणि तिथल्या श्रोत्यांना असं मिश्रण नवखं नव्हतं. प्रायमल स्क्रीम या रॉक बँडने त्यांना दौऱ्यावर नेल्यावर घरच्यांचे डोळे उघडले. बाहेर गाजल्यावर घरी मान मिळणं आपल्यालाही नवीन नाही.

बँडमध्ये आता कोण आहे?

माणसं येत-जात राहिली. दीदार २००० मध्ये बाहेर पडला. गायक आणि रॅपर अनेक बदलले. डॉक्टर दास मधली काही वर्षं नव्हते, नंतर परतले. चंद्रासॉनिक हा टिकून राहिलेला खांब. दासांचा बेस नसलेले अल्बम मी क्वचितच पुन्हा लावतो.

ब्रिटिश सरकारचा सन्मान नाकारला, हे खरं का?

खरं. २००२ मध्ये जॉन पंडित म्हणजे पंडित जी यांना एमबीई हा किताब देऊ केला होता. सन्मानांची ती पद्धतच मान्य नाही म्हणून त्यांनी नकार दिला.

सिनेमाला थेट संगीत देतात म्हणजे काय करतात?

पडद्यावर सिनेमा चालू, संवाद चालू, आणि समोर बसून बँड नवं पार्श्वसंगीत वाजवतो. २००१ मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये त्यांनी हे ‘ला हेन’ या पॅरिसच्या उपनगरांवरच्या फ्रेंच सिनेमासाठी केलं. त्या सिनेमाला मुळात पार्श्वसंगीत फारसं नाही, म्हणून शिरायला जागा होती. नंतर ‘बॅटल ऑफ अल्जियर्स’साठीही केलं. डबची शिस्त इथे कामाला येते: कुठे वाजवायचं नाही हे त्यांना माहीत असतं.

२००६ मध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेरासाठी त्यांनी लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याच्यावर ऑपेरा केला. समीक्षकांनी तो झोडपला.

विनोदी कलाकाराबरोबरचं ते ब्रेक्झिटचं गाणं?

‘कमिंग ओव्हर हिअर’. स्टुअर्ट ली या विनोदवीराच्या जुन्या प्रयोगातला एक तुकडा त्यांनी ठेक्यावर चढवला. ‘हे बल्गेरियन येतात’पासून सुरुवात करून तो मागे मागे जात अगदी पहिल्यांदा पाण्यातून जमिनीवर आलेल्या माशापर्यंत सगळ्यांनाच उपरे ठरवतो. २०२० च्या ‘ॲक्सेस डिनाइड’ अल्बमवर हे आहे. ब्रिटन युरोपीय संघाच्या व्यवस्थेतून पूर्ण बाहेर पडलं त्याच आठवड्यात, २०२१ च्या सुरुवातीला, चाहत्यांनी ठरवून विकत घेतलं आणि ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ते पहिलं आलं. मुंबईत ‘बाहेरचे’ या शब्दाभोवती जे काही होतं ते पाहिलेल्यांना हा विनोद समजायला टीप लागणार नाही.

यात मराठी धागा कुठे?

या बँडमध्ये ओढूनताणून शोधू नये. आसपासच्या वर्तुळात मात्र आहे. उत्कर्ष काळे, जगाला ठाऊक असलेला कर्ष काळे, इंग्लंडमध्ये जन्मला, न्यूयॉर्कजवळ वाढला आणि तबला इलेक्ट्रॉनिक संगीतात बरोबरीच्या मानाने बसवणाऱ्यांत पुढे होता. २००१ चा ‘रियलाइझ’ ऐकून पाहा. ‘तबला बीट सायन्स’ या जमावात अमेरिकन बेसवादक बिल लॅसवेल, तलविन सिंग आणि कर्ष काळे यांच्याबरोबर आपले झाकीर हुसेन आणि त्रिलोक गुर्टू होते. त्रिलोक म्हणजे ठुमरीच्या शोभा गुर्टूंचा मुलगा. मुंबईत घडलेल्या या दोन तालवाद्यकारांनी लॅसवेलच्या डबमधल्या बेसवर काय केलं, ते ‘ताला मॅट्रिक्स’मध्ये सापडेल.

आणि आशाताई. कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ १९९८ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. लंडनमधल्या पोरांनी अचानक विचारायला सुरुवात केली, कोण ही आशा? सांगलीत जन्मलेल्या गायिकेची ओळख त्यांना एका गिटारवाल्याकडून झाली.

भारतात कधी आले होते का?

पुण्यात आले होते. डिसेंबर २०१० मध्ये झालेल्या पहिल्या एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवात ते मुख्य पाहुण्यांत होते.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

‘रफीज रिव्हेंज’ सलग ऐका, मधलं गाळू नका. तो झेपला तर मागे जाऊन ‘फॅक्ट्स अँड फिक्शन्स’ (१९९५), थोडा कच्चा पण त्याचं डब अधिक शुद्ध. मग ‘कम्युनिटी म्युझिक’ (२०००) आणि ‘एनिमी ऑफ द एनिमी’ (२००३). शेवटचा एड्रियन शेरवूडने घडवला, आणि ब्रिटिश डबमध्ये त्याच्या कानाला तोड नाही. ‘टँक’ आणि ‘पंकारा’ नंतर सवडीने.

नुसरत फतेह अली खान आवडत असतील तर १९९७ च्या ‘स्टार राइज’ या संग्रहातलं त्यांनी नव्याने घडवलेलं ‘ता दीम’ आधी लावा.

मोबाइलवर ऐकलं तर चालेल?

नाही. फोनच्या स्पीकरमधून १०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच बाहेर येत नाही, आणि बेस गिटारची जाड तार ४१ हर्ट्झला लागते. म्हणजे अर्धं गाणं फोनमध्येच राहतं. बरे हेडफोन चालतील. गाडीतली सिस्टिमही चालेल. शेजारी समजूतदार असतील तर उत्तमच.

असंच आणखी कुणाचं ऐकावं?

दीदारचा थोरला भाऊ सॅम झमान, म्हणजे स्टेट ऑफ बेंगाल. २०१५ मध्ये गेला. आनंद शंकर यांच्या शेवटच्या काळात त्याने त्यांच्याबरोबर केलेला ‘वॉकिंग ऑन’ विशेष. शमशेर बंधूंचा जॉय. अकी नवाझचा फन-दा-मेंटल, याहूनही कडक. मुंबईचा बेसवादक श्री आणि बदमार्श यांचा ‘साइन्स’. दिल्लीचे मिडिव्हल पंडित्झ. कॅनडातल्या व्हँकुव्हरचा ‘दिल्ली टू डब्लिन’, ज्यात तबला-ढोलबरोबर आयरिश फिडल आहे आणि राजकारणाऐवजी मौज. आणि या सगळ्यांच्या आधीचा, १९७९ पासून राग आणि डब एकत्र करणारा मँचेस्टरचा सन्स ऑफ आर्का. त्याचं नाव क्वचित घेतलं जातं, हा अन्याय आहे.

मी तबला शिकतो. घरी लॅपटॉपवर असं काही करता येईल?

येईल. गाण्याची लय १६० धरा आणि बेस ८० च्या चालीत लिहा, सुरुवातीला एकाच षड्जाभोवती दोन-तीन सूर पुरेत. तबला त्याच षड्जाला लावूनच ध्वनिमुद्रित करा. नंतर संगणकात सूर बदललात की चाटीचा आवाज पत्र्यासारखा होतो. डग्गा आणि बेस एकाच पट्ट्यात भांडतात, तेव्हा बेस वाजत असताना डग्ग्याचा खालचा भाग फिल्टरने कापा आणि बेस थांबेल तिथे फिल्टर उघडा. अचानक आलेला तो घुमारा सगळ्यांत जास्त परिणाम करतो.

इको सगळ्या बोलांवर लावू नका, खिचडी होते. एखादा ‘ना’ किंवा ‘तिं’ निवडा. ८० च्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची, तिचा पाऊण भाग साधारण ५६३. डिले (प्रतिध्वनी किती वेळाने यावा ते ठरवणारी सोय) तिथे लावला की प्रतिध्वनी ठेक्याच्या आड न येता फटींत पडतो. आणि इकोची मूठ माउसने रेघ ओढून ठरवू नका. गाणं सुरू करा, हात मुठीवर ठेवा, संपूर्ण सहा मिनिटं एका दमात वाजवा. बिघडलेलं नंतर कापता येतं.